संभाजीनगर ते नांदेड: अंतर २१५ किलोमीटर, पण विमानाला वेळ किती?

प्रश्न असा आहे: "छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून नांदेडपर्यंत विमानाने अंतर किती आणि वेळ किती? एका संकेतस्थळावर १६ मिनिटे दिसतात, दुसऱ्यावर ४६ मिनिटे, तिकिटाच्या ॲपवर सहा-सात तास, आणि एअर अँब्युलन्सवाला फोनवर ४० मिनिटे सांगतो. खरे कोणते धरायचे?"

आधी सरळ उत्तर देतो. दोन्ही धावपट्ट्यांमधले हवाई अंतर सुमारे २१५ किलोमीटर, म्हणजे ११६ नॉटिकल मैल. एटीआरसारखे पंख्याचे विमान थेट गेले तर चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत ३० ते ४० मिनिटे. वेळापत्रकात छापायची वेळ ५० ते ५५ मिनिटे. घरच्या दारापासून नांदेडच्या दारापर्यंत मात्र तीन तासांच्या खाली येणे कठीण. तुम्हाला मिळालेल्या चार आकड्यांपैकी निव्वळ चुकीचा एकही नाही. प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो कशाचा आहे हे सांगणारे तिथे कोणी नाही, अडचण एवढीच.

प्रादेशिक विमानसेवेत फ्लाइट डिस्पॅचर म्हणून माझे आयुष्य गेले. उड्डाणाआधी मार्ग, वारा, वजन, इंधन आणि वेळ यांचा हिशेब मांडायचा आणि कॅप्टनपुढे ठेवायचा, हे ते काम. त्यात पक्की कळलेली गोष्ट ही, की मार्ग जितका छोटा तितका वेळेशी अंतराचा संबंध कमी. दिल्ली–लंडनला अंतर सांगितले की वेळ जवळजवळ सांगून झाली. आपल्या मराठवाड्यातल्या दोन विमानतळांमध्ये तसे होत नाही. इथे वेळ वाटेत जात नाही, दोन टोकांना जाते.

अंतराचे गणित कुणालाही घरी करता येते. चिकलठाणा साधारण १९.८६ उत्तर अक्षांश आणि ७५.४० पूर्व रेखांशावर आहे, नांदेडचा विमानतळ १९.१८ आणि ७७.३२ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखडत जातो. आपल्या पट्ट्यात तो साधारण १०५ किलोमीटर भरतो. म्हणजे दक्षिणेकडे ०.६८ गुणिले १११, सुमारे ७५ किलोमीटर, पूर्वेकडे १.९२ गुणिले १०५, सुमारे २०१ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा, २१५ येतात. पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबच्या मार्गांवर नकाशावरची सरळ रेषा आणि खरी सर्वांत जवळची वाट यांत मोठी तफावत पडते, पण एवढ्या अंतरात ती काही मीटरांचीच. तेव्हा १११ आणि १०५ हे दोन आकडे लक्षात ठेवले तर मराठवाड्यातले कुठलेही हवाई अंतर वहीच्या एका पानावर निघते. संभाजीनगर ते लातूर याच रीतीने १९६ किलोमीटरच्या आसपास येते, आणि नांदेड ते लातूर १२४.

ही रेषा जमिनीवर कुठून जाते तेही बघा. जालना डाव्या हाताला राहतो, रेषा परतूरवरून जाते, सेलूला जवळजवळ चाटून पुढे परभणी उजवीकडे आणि वसमत डावीकडे ठेवत नांदेडात उतरते. म्हणजे आपल्या रेल्वेची वाट जवळपास हीच. म्हणूनच संभाजीनगर–नांदेड रेल्वे अंतर २३५ किलोमीटरच्या आसपास आहे, हवाई अंतरापेक्षा जेमतेम वीसेक किलोमीटर जास्त. रस्ता घ्याल त्याप्रमाणे २५० ते २८० किलोमीटर पडतो. विमानाला खरा फायदा मिळतो तो जमिनीवरची वाट वेडीवाकडी असते तिथे, मध्ये घाट किंवा खाडी असते तिथे. इथे रुळांनीच रेषा सरळ धरली आहे, त्यामुळे विमानाची निम्मी कमाई आधीच गेलेली.

आता ते १६ मिनिटे. २१५ किलोमीटरला ताशी ८०० किलोमीटरने भागले की १६ मिनिटे येतात, बस. विमान जणू चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभे असतानाच ८०० च्या वेगात आहे आणि नांदेडवर त्याच वेगात नाहीसे होते, असे त्यात धरले आहे. दुसऱ्या संकेतस्थळाने ताशी ५०० मैलांचा, म्हणजे जवळपास तोच वेग घेतला आणि उड्डाण-उतरणीसाठी सरसकट अर्धा तास वर टाकला. १६ अधिक ३० म्हणजे ४६. ही पद्धत ढोबळ असली तरी तिच्यात एक शहाणपण आहे: अर्धा तास अंतराशी बांधलेला नाही. मुंबईला जा, लातूरला जा, तो द्यावाच लागतो.

तो अर्धा तास जातो कुठे? आमच्या हिशेबात वेळ चाकांखालचे लाकडी ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत मोजतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर छापलेली वेळ हीच असते. ठोकळे निघाले, इंजिने सुरू झाली, एटीसीची, म्हणजे विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाची, परवानगी आली, विमान हलले. लहान विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला जमिनीवरून चालत जायचा रस्ता, बहुधा पूर्ण लांबीचा नसतो. मग विमान धावपट्टीवर शिरते, तिच्यावरूनच टोकापर्यंत जाते, तिथे वळते आणि मग धावते. नांदेडची धावपट्टी २,३०० मीटर आहे. २० नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) वेगाने एवढे जायला चार मिनिटांच्या जवळपास लागतात. तेवढा वेळ धावपट्टी अडलेली असते, म्हणून दुसरे विमान येत असेल तर आधी कोण हे ठरेपर्यंत थांबायचे. मोठ्या शहरात रडारवर बघून विमाने एकामागे एक लावतात. रडार नसेल तिथे वैमानिकाने सांगितलेल्या जागेवर आणि घड्याळावर विसंबून अंतर राखावे लागते आणि ते अंतर मोठेच ठेवतात.

हवेत गेल्यावरही पूर्ण वेग लगेच मिळत नाही. १०,००० फुटांच्या खाली वेगमर्यादा २५० नॉट आहे. उतरणीला आमचा साधा नियम असा: दर हजार फुटांसाठी तीन नॉटिकल मैल (इथून पुढे नुसते 'मैल' म्हणजे नॉटिकल मैलच). समजा एटीआर १७,००० फुटांवर आहे. नांदेडची उंची सुमारे १,२५० फूट. उरलेले पावणेसोळा हजार फूट उतरायला ४७ मैल हवेत. चढायला ४० मैलांच्या आसपास गेले. ११६ मधून हे वजा केले की स्थिर वेगाने सरळ उडण्यासाठी ३० मैलसुद्धा उरत नाहीत. सहा-सात मिनिटे. तेवढ्यात हवाई सुंदरीची पाण्याची गाडी पुढच्या रांगांपर्यंत पोचते न पोचते तोच उतरणीची सूचना येते.

यावर लगेच विचारले जाते की जेट आणले तर? ३५,००० फुटांवरून उतरायलाच १०० मैल लागतात आणि चढायला जवळपास तेवढेच. मार्गच ११६ मैलांचा. म्हणजे जेट त्या उंचीवर कधी जाणारच नाही. तेही पंधरा-वीस हजारांवरून परत फिरेल, दाट हवेत जास्त इंधन जाळेल आणि एटीआरपेक्षा फार तर चार-पाच मिनिटे वाचवेल. एटीआर ७२ चा कमाल वेग २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. ई-१७५ सारखे जेट ८०० च्या पुढे जाते. कागदावर हा फरक दीडपटीहून मोठा दिसतो. संभाजीनगर–नांदेडवर तो विरून जातो. 'जेट म्हणजे जलद' हे समीकरण चारशे-पाचशे किलोमीटरच्या आत धरू नये, असे माझे ठाम मत आहे.

धावपट्ट्यांच्या दिशेची गोष्ट मात्र मला या मार्गावर सर्वांत रोचक वाटते आणि ती कुठल्याही संकेतस्थळाच्या हिशेबात येत नाही. धावपट्टीवर रंगवलेला आकडा म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेच्या अंशांमधले शेवटचे शून्य गाळून उरलेला भाग. चिकलठाण्याची धावपट्टी ०९/२७, म्हणजे पूर्व–पश्चिम. नांदेडची १०/२८, जवळपास तशीच. आणि संभाजीनगरहून नांदेडची दिशा किती? सुमारे ११० अंश. म्हणजे वारा पूर्वेचा किंवा अगदी मंद असेल तर विमान ०९ वरून पूर्वेकडे उठेल, थोडे उजवीकडे कलेल आणि नाक फारसे न फिरवता थेट १० वर उतरेल. दोन विमानतळ एकमेकांना इतके समोरासमोर असणे हे नशीबच म्हणायचे.

पण विमान वाऱ्याच्या तोंडावर उठते आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरते. पाठीमागून वारा साधारण १० नॉटच्या वर असेल तर ती दिशा सोडावी लागते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो. मग चिकलठाण्याहून २७ वरून, म्हणजे शहराकडे तोंड करून उठायचे, वर जाऊन उलटे फिरायचे, नांदेड आले की ते ओलांडून पूर्वेला जायचे आणि पुन्हा वळून २८ वर उतरायचे. या दोन वळणांत मिळून आठ-दहा मिनिटे जातात. खाली ढग असतील आणि नेमून दिलेल्या पद्धतीने, ठरलेल्या बिंदूंवरूनच यायचे असेल तर आणखी काही. परतीला उलटे: २८ वरून उठले की नाक आधीच संभाजीनगरकडे, आणि २७ वर सरळ उतरण. फक्त समोरून वारा. एकाच मार्गाची जातानाची आणि येतानाची वेळ वेगळी का, हे पुष्कळ जण विचारतात. बहुतेकांना फक्त वाटेतला वारा आठवतो.

तो वाटेतला वारा किती फरक करतो? सरासरी २४० नॉट धरले तर ११६ मैलांना २९ मिनिटे. २० नॉटचा वारा पाठीशी असेल तर २७, समोरून असेल तर ३१-३२. एवढ्या छोट्या मार्गावर वाऱ्यापेक्षा धावपट्टीची बाजू जास्त वेळ खाते. लांबच्या मार्गावर हे प्रमाण उलटे होते.

मे महिन्यातली दुपार वेळेपेक्षा वजनावर घाला घालते. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून १,९११ फूट उंच आहे. पारा ४२ वर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की पंखांना आणि इंजिनांना ती साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. धाव लांबते, चढण मंदावते. चिकलठाण्याची धावपट्टी २,८३५ मीटर असल्याने तिथे सहसा निभावते. आखूड धावपट्टीवर अशा दुपारी काही आसने किंवा सामान कमी करावे लागते. उन्हाळ्यात सकाळचे विमान घ्यावे असे मी सगळ्यांना सांगतो, आणि त्याचे आणखी एक कारण म्हणजे वळवाच्या ढगांची वेळ दुपारनंतरची असते.

इंधनाबद्दल थोडक्यात. नांदेडला उतरता आले नाही तर जायचे कुठे, हे निघण्याआधी ठरलेले असते: परत संभाजीनगर, किंवा २४६ किलोमीटरवरचे हैदराबाद. तिथवर जाण्याचे इंधन, त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके आणि वाटेतल्या अनिश्चिततेसाठी थोडे. अशा मार्गावर प्रत्यक्ष प्रवासाला लागणाऱ्या इंधनापेक्षा हे राखीव इंधनच जास्त भरते. विमान कंपन्या दोनशे किलोमीटरच्या मार्गाला का कचरतात याचे उत्तर बरेचसे इथे आहे. विमानतळाचे शुल्क, चढ-उताराची झीज, जमिनीवरचे कर्मचारी हे सगळे पाचशे किलोमीटरइतकेच, आणि तिकीट मात्र रेल्वेच्या वातानुकूलित डब्याशी स्पर्धा करणारे हवे. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठी केंद्र सरकारने आणलेल्या उडान योजनेने सुरुवातीला जे गणित मांडले ते तासाभराच्या, साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये असे होते. २७ एप्रिल २०१७ ला उडानच्या पहिल्या विमानांबरोबर नांदेड–हैदराबाद सुरू झाले, त्यानंतर नांदेड–मुंबई आले. मुंबईचे अंतर ४६८ किलोमीटर, पाचशेच्या जवळ. तिथे विमानाला अर्थ आहे.

तिकिटाच्या ॲपवरचे सहा-सात तास आता समजतील. संभाजीनगर–नांदेड अशी नियमित थेट सेवा सध्या नाही, म्हणून ॲप तुम्हाला दुसऱ्या शहरातून फिरवते. हैदराबादमार्गे गेलात तर आधी ४३२ आणि मग २४६, मिळून ६७८ किलोमीटर. मुंबईमार्गे २७९ अधिक ४६८, म्हणजे ७४७. २१५ च्या जागी तिपटीहून जास्त, आणि मधल्या विमानतळावर तीन-चार तास बसणे वेगळे. असे तिकीट काढू नका. शोधताना एक काळजी घ्या: पुष्कळ ठिकाणी संभाजीनगर अजून औरंगाबाद म्हणूनच नोंदलेले आहे, आणि बिहारातही औरंगाबाद आहे. गाव ते गाव अंतर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर भलताच आकडा आला तर आधी हे तपासा. विमानतळाचा तीन अक्षरी कोड, चिकलठाण्याचा आयएक्सयू आणि नांदेडचा एनडीसी, टाकला तर घोळ होत नाही.

छापलेल्या वेळेत थोडी सैल जागा मुद्दाम ठेवलेली असते हेही लक्षात असू द्या. संभाजीनगर–मुंबई अंतर २७९ किलोमीटर, हवेतली वेळ ४० मिनिटांच्या आसपास, पण वेळापत्रकात तास-सव्वा तास दिसतो. मुंबईवर घिरट्या घालाव्या लागतात, उतरल्यावर विमानाला धावपट्टीपासून थांब्यापर्यंत जमिनीवरून लांब जावे लागते, आणि कंपनीला वेळेवर पोचल्याची नोंद हवी असते. म्हणून विमान वीस मिनिटे 'लवकर' आले तर ते जोरात आले असे नाही.

आता दारापासून दारापर्यंत. सिडकोतल्या घरून विमानतळ २०-२५ मिनिटे. काउंटर उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते, म्हणजे सव्वा तास आधी तिथे हवे. ब्लॉक टाइम ५०-५५ मिनिटे. बॅग यायला १५-२०. नांदेडचा विमानतळ शहराला लागूनच आहे, वजिराबादला पोचायला आणखी १५-२०. बेरीज तीन तास दहा मिनिटांच्या पुढेमागे. रेल्वेने चार-साडेचार तास, आणि तिथे स्टेशनवर दहा मिनिटे आधी पोचले तरी चालते. थेट विमान उद्या सुरू झाले तरी वाचेल तो तासभर. मी स्वतः या प्रवासाला तपोवन किंवा देवगिरी एक्सप्रेस धरीन. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग झाला तर गाडीही विमानाच्या आणखी जवळ येईल. ज्यांना नांदेडहून मुंबई, दिल्ली, बेंगळुरूला जायचे आहे, त्यांच्यासाठी मात्र विमान हे वरदान आहे, आणि सचखंड गुरुद्वाऱ्याला देशभरातून येणाऱ्या भाविकांसाठीही. २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या वेळी या विमानतळाचा कायापालट झाला तो याच गरजेतून.

शेवटी एअर अँब्युलन्सचे ४० मिनिटे. याबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण इथे आकडा चुकीचा समजला तर माणसाच्या जिवाशी गाठ असते. किंग एअरसारखे दोन इंजिनांचे छोटे विमान २५० ते २८० नॉटने जाते, त्यामुळे नांदेड–संभाजीनगर ३५-४० मिनिटे हे उड्डाण म्हणून बरोबर आहे. पण ते विमान नांदेडला उभे नसते. मुंबईहून यायचे तर २५३ नॉटिकल मैल, तासाभराचे उड्डाण, त्याआधी वैमानिक आणि डॉक्टर जमायचे, उपकरणे चढवायची, परवानग्या घ्यायच्या. नांदेडचा विमानतळ त्या वेळी चालू आहे का, नसेल तर वेळ वाढवून मिळेल का, हे बघायचे. मग रुग्णालयातून रुग्ण स्ट्रेचरवर, रुग्णवाहिकेत, तिथून विमानात. व्हेंटिलेटर असेल तर प्रत्येक बदलाला वेळ आणि जोखीम. पलीकडे हेच उलट क्रमाने. पहिला फोन केल्यापासून दुसऱ्या रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पाच-सहा तास सहज होतात, आणि तेवढ्यात आयसीयूची सोय असलेली रुग्णवाहिका रस्त्याने संभाजीनगरला पोचलेली असते, तीही मध्ये एकदाही रुग्ण न हलवता.

म्हणून फोनवर उड्डाणाची वेळ विचारू नका. "आमच्या खाटेपासून तिकडच्या खाटेपर्यंत किती तास?" असे विचारा. विमान आत्ता कुठे उभे आहे, वैमानिक किती वेळात विमानतळावर पोचतील आणि विमानतळाची परवानगी मिळाली आहे की मागायची आहे, हे तीन तपशील त्याच वेळी लिहून घ्या. छातीत हवा साठलेली असेल, डोक्याला मार असेल, तर रुग्णाला किती उंचीवर नेणार हे डॉक्टरांनी वैमानिकाशी बोलून ठरवायला हवे. एवढ्या छोट्या मार्गावर कमी उंचीवरून गेले तरी चार-पाच मिनिटेच जास्त लागतात, ती जरूर द्यावीत. नांदेडहून मुंबईला किंवा दिल्लीला रुग्ण हलवायचा असेल तर विमानाचा विचार आधी करा. संभाजीनगर किंवा हैदराबाद असेल तर आधी चांगली रस्त्याची रुग्णवाहिका आणि सोबत अनुभवी डॉक्टर मिळतो का ते बघा, आणि विमान आधीच नांदेडच्या ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करायच्या जागेवर, उभे असेल तरच हा क्रम बदला.